अर्ध्या गोळीचं माप

आईस,
लांबूनच तुझ्या पाया पडते.

मी ठणठणीत आहे. पायातली रक्ताची गाठ विरघळते आहे. मध्ये कारखान्यात शिवताना बोटात सुई गेली आणि रक्त थांबेचना. दोन पांढऱ्या कॉलरी वाया गेल्या. मुकादमबाईंचा चेहरा बघायला हवा होतास!

म्हणून डॉक्टरांनी माझी जनुकांची तपासणी केली. गाठीसाठी दिलेली रक्त पातळ करणारी गोळी माझ्या अंगात जास्त वेळ टिकते, म्हणून नेहमीचा डोस मला भारी पडतो, असं निघालं. आता अर्धीच घेते. माप घेऊन कपडा शिवावा, तसं औषध दिलंय बघ.

हे आईबापांकडूनच येतं म्हणे. बाबांनाही हीच गोळी होती असं सांगितल्यावर डॉक्टर म्हणाले, "मग त्यांचंही बहुधा असंच असणार."

आई, बाबा रक्तस्रावाने गेले तेव्हा आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, तू चुकून दोनदा गोळी दिलीस. तेव्हापासून तू स्वतःच्या गोळ्याही दादाला काढायला लावतेस. तू एकच दिली होतीस गं. त्यांना तीच जास्त झाली.

सोबतचा रिपोर्ट दादाला त्याच्या डॉक्टरांना दाखवू दे. आत्याला मात्र तूच वाचून दाखव, मोठ्याने.

गुडघे कसे आहेत? उद्यापासून तुझ्या गोळ्या तुझ्याच हाताने काढ.

तुझी,
धाकटी