गेरूवर पांढरं नाव

२२ नोव्हेंबर २०१८, गुरुवार. सकाळी ६.४०

आजपासून रोज लिहिणार. मोठे उद्योजक रोज लिहितात असं ऐकलंय. वहीची आधीची चार पानं फाडून टाकली, त्यांत नुसत्या तक्रारी होत्या.

बोईसरची नोकरी सोडून आठ महिने झाले. लोक विचारतात, सध्या काय? मी सांगतो, रिसर्च. आशागडच्या गाळ्यावर बोर्ड लागलाय: ‘पूर्वी कस्टम वेअर’. पूर्वी म्हणजे आमची मुलगी, नववीत आहे. तिचं म्हणणं, बोर्डावरून माझं नाव काढा, वर्गात चिडवतात. ब्रँड म्हणजे काय ते तिला मोठी झाल्यावर कळेल.

आज पहिली ऑर्डर. जयमालाच्या शाळेची. बायको तिथे शिक्षिका आहे म्हणून मिळाली, असं कुणी समजू नये. कासाच्या पुढे तिची आश्रमशाळा. मुलींचा खो-खोचा संघ २१ डिसेंबरला तलासरीला प्रकल्पस्तरीय स्पर्धेत उतरतोय. बारा मुली. दरवर्षी मुलांचे जुने शर्ट घालून खेळतात, पाठीवर भलत्याच कुणाचं तरी नाव. या वेळी जयमालाने मुलींना शब्द दिलाय की प्रत्येकीच्या पाठीवर तिचं स्वतःचं नाव असेल. रंगसुद्धा मुलींनीच ठरवला. शर्ट गेरूचा आणि नाव पांढरं. लग्नाला घराच्या गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने पांढरा चौक लिहितात, तसं.

बारा शर्ट, अख्खा महिना हातात. मला हसूच आलं. जयमालाला आलं नाही.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार

छपाईची पद्धत ठरवायचीय. घाई करणारे बुडतात. एक्सेलमध्ये टेबल केलं.

व्हायनिल: रंगीत शीटमधून एकेक अक्षर कापायचं, नको तो भाग चिमट्याने सोलायचा, मग हीट प्रेसने शर्टावर चिकटवायचं. टिकतं. पण महाग आणि किचकट. प्लास्टिसोल: छापलेले ट्रान्सफर तयार मिळतात, पण एकाच डिझाइनचे शंभर घेतले तरच परवडतं. साधा ट्रान्सफर पेपर: चार धुण्यांत तडे. सब्लिमेशन: कागदावर छापायचं, प्रेसखाली शाईची वाफ होते आणि कापडात शिरते. सगळ्यात स्वस्त.

टेबलमध्ये किंमत, वेळ, टिकाऊपणा असे रकाने आहेत. शेवटचा ‘फ्युचर’ हा रकाना माझा स्वतःचा. त्यात सब्लिमेशनला दहापैकी दहा मिळाले.

पूर्वीने खांद्यावरून वाचलं. म्हणाली, बारा वेगवेगळी नावं आहेत, कापड गडद आहे, मग व्हायनिलच लागणार ना? तिला फ्युचरचा रकाना दाखवला. ती दात घासायला निघून गेली.

२४ नोव्हेंबर, शनिवार

वापीला जाऊन आलो. नविनभाईंकडून सेकंड हँड हीट प्रेस, प्रिंटर आणि गेरू रंगाचे दोन शर्ट घेतले. विचारलं, सब्लिमेशन या शर्टांवर होईल ना? म्हणाले, “टेन्शन नका घेऊ साहेब, चालशे.” अनुभवी माणूस.

दुपारी पुन्हा भूकंपाचा धक्का, आमच्या भागात या महिन्यात हे चालूच आहे. घरातली भांडी वाजली. शेजारचे सगळे बाहेर. मी प्रेसला धरून उभा होतो. आता जबाबदारी आहे.

२७ नोव्हेंबर, मंगळवार

पहिला प्रिंट. गेरूचा शर्ट, ‘जिवली’ हे नाव. जिवली संघाची कॅप्टन. दोनशे डिग्री, पन्नास सेकंद. प्रेस उघडला.

शर्ट कोरा.

परत केला. परत कोरा. आता थोडासा जळलेला.

सब्लिमेशनमध्ये पांढरी शाई नसतेच म्हणे. पांढरं दिसतं ते कापडाचंच पांढरेपण. ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. पूर्वी म्हणते, तिने शुक्रवारीच ‘गडद कापड’ म्हटलं होतं. म्हटलं असेल. ठासून म्हटलं नव्हतं.

२८ नोव्हेंबर, बुधवार. पहाटे

सुचलं! शर्टच पांढरा घ्यायचा. पाठीवर गेरूचा मोठा चौकोन छापायचा आणि त्यात नाव तेवढं कोरं सोडायचं. म्हणजे गेरूवर पांढरं नाव आपोआप आलं. नावाला शाईसुद्धा लागत नाही. असा विचार कुणी केला नसेल.

जयमालाला उठवून सांगितलं. ती म्हणाली, पण मुलींना गेरूचा शर्ट हवाय. मी म्हणालो, याला फ्रेम्ड लुक म्हणतात. ती म्हणाली, मी मुलींना शब्द दिलाय, एवढंच लक्षात ठेव. आणि कूस बदलून झोपली.

१ डिसेंबर, शनिवार

नविनभाईंकडून पांढरे शर्ट आले. सब्लिमेशनला पॉलिस्टर लागतं. हे बहुतेक कॉटन आहेत, पण निम्म्या भावात. फोन केला. “चालशे.”

पहिल्या शर्टावर नाव उलटं उमटलं. कागदावर आरशातल्यासारखं उलटं छापायचं असतं. भूकंपाच्या धक्क्यांनी माझं लक्ष विचलित झालंय. अशा काळात काम करतोय हीच मोठी गोष्ट.

५ डिसेंबर, बुधवार

बाराही शर्ट तयार! गेरूचा चौकोन, त्यात नाव आणि खाली नंबर, दोन्ही कोरे. गाळ्यात दोरीवर टांगले आणि लांबून पाहिले. आठ महिन्यांत पहिल्यांदा वाटलं की मी काहीतरी केलं.

वॉश टेस्टही घेतली. मगभर गार पाणी, दोन मिनिटं. पास. जयमाला म्हणाली, साबण लावून बघ. उद्या बघतो. शेवटी स्पर्धेचा शर्ट आहे, एकदाच घालणार.

७ डिसेंबर, शुक्रवार

शाळेत स्वतः जाऊन शर्ट दिले. कासापर्यंत एसटी, पुढे जीप.

मुली सुरुवातीला लांबच उभ्या होत्या. शर्ट गेरूचा नाही हे त्यांनी पाहिलं. मग जिवलीने आपला शर्ट उचलला आणि नावावरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. म्हणाली, “सर, माझाच आहे ना? कोणाला द्यायचा नाही ना नंतर?” मी म्हणालो, तुझाच. तिने तिथेच फ्रॉकवरून घातला. मग सगळ्याच जणींनी घातले.

जयमाला माझ्याकडे बघून हसली. आठ महिन्यांनी.

परत येताना तिने सांगितलं, जिवलीची आई तानी भिवंडीकडे वीटभट्टीवर आहे. दिवाळीनंतर गेली ती पावसाच्या तोंडावरच परत येणार. जिवलीने निरोप पाठवलाय की पाठीवर माझं नाव आहे, बघायला ये. मजुरी बुडवून बाई तलासरीला येणार आहे.

कस्टमर सॅटिस्फॅक्शन: शंभर टक्के. पुढच्या वर्षी जिल्ह्यातल्या सगळ्या आश्रमशाळा.

१२ डिसेंबर, बुधवार

जयमालाने घरी आल्यावर पर्स ठेवली आणि उभ्यानेच बोलायला लागली. मुली ते शर्ट स्पर्धेसाठी ठेवून देत नाहीयेत. रोज सरावाला घालतात. रोज संध्याकाळी हॉस्टेलच्या दगडावर साबण लावून, आपटून धुतात, कारण सकाळी परत घालायचे असतात. एक दिवसही अंगावेगळा करवत नाही त्यांना.

चौकोन गुलाबी झालाय म्हणाली. नाव नीट वाचता येत नाही.

हा सरळसरळ चुकीचा वापर आहे. दगडावर आपटायला ती काय गोधडी आहे? केअर लेबल लावायला हवं होतं. पुढच्या वेळी प्रत्येक कॉलरवर लावणार.

१३ डिसेंबर, गुरुवार

खूप विचार केला. नाव शाईचं नव्हतंच. नाव म्हणजे चौकोनातली कोरी जागा. आजूबाजूचा गेरू उतरला की नावही गेलं. हे मी २८ तारखेला पहाटे पाहायला हवं होतं, पण पहाटे एवढं दिसत नाही.

जयमालाने एकच सांगितलं. उद्या वापीला जा, व्हायनिल आण, बारा नावं काप. आठ दिवस आहेत.

उद्या नक्की.

१५ डिसेंबर, शनिवार

काल गेलो नाही. नविनभाईंना फोन केला होता, ते म्हणाले प्रेसचं टेम्परेचर वाढवून परत मारा, चालशे. एका जुन्या शर्टावर प्रयोग केला. पिवळा डाग पडला. नविनभाईंवरचा विश्वास थोडा कमी झालाय.

व्हायनिल ऑनलाइन मागवलं. वापीपेक्षा स्वस्त पडतं.

१८ डिसेंबर, मंगळवार

पार्सल ट्रॅक केलं. २२ तारखेला येणार. स्पर्धा २१ ला.

जयमालाला अजून सांगितलं नाही. कुरिअरवाले कधी कधी लवकर देतात.

१९ डिसेंबर, बुधवार. रात्री

सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली की मी मुलींना शब्द दिला होता, तू नव्हता दिलास. मग पोळ्या करायला लागली. पूर्वी जेवताना माझ्याकडे बघत नव्हती.

मला खरंच वाईट वाटलं. हे इथे लिहायला हरकत नाही, कुणी वाचणार नाही.

२१ डिसेंबर, शुक्रवार. तलासरी. संध्याकाळी लिहितोय

गाळा बंद ठेवून गेलो. मालकाने स्वतः साइटवर असावं.

मुली रांगेत उभ्या. पाठीवर चहा सांडून वाळल्यासारखे चौकोन. नाव एकीचंही दिसत नव्हतं. पंचांच्या टेबलावरचे सर म्हणाले, नावाचं काही नाही, पण पाठीवर नंबर वाचता आलाच पाहिजे, नाहीतर संघ मैदानात उतरवता येणार नाही. पंधरा मिनिटं दिली.

मी समजावायला गेलो की नंबर आहे, फक्त फिका आहे. जयमालाने मला हाताने बाजूला केलं. रस्त्यापलीकडच्या स्टेशनरीतून तिने जाड काळा मार्कर आणला, मुलींना ओणवं उभं केलं आणि एकेकीच्या पाठीवर नंबर लिहिला. बारा जणी, अकरा मिनिटं. दोनदा माझ्या ओठांवर आलं की मार्करची पर पीस कॉस्ट किती कमी आहे. नाही बोललो. नावं लिहायला वेळ उरला नाही.

पहिला सामना जिंकल्या, दुसरा हरल्या. जिवलीने पाच गडी बाद केले.

सामना संपल्यावर तानी आली. पहाटे निघून दोन गाड्या बदलून आली होती, पायांवर विटेची लाल धूळ तशीच. तिला लिहिता-वाचता येत नाही. लेकीला पाठमोरी वळवून तिने शर्ट नीट ताणून धरला. तिथे फक्त एक मोठा काळा सात होता. जिवली खाली बघत होती. तानीने त्या सातावरून हात फिरवला, अगदी वरपासून खालपर्यंत, आणि मला विचारलं, “सर, हेच ना नाव माझ्या पोरीचं?”

मी हो म्हणालो.

तिने पुन्हा हात फिरवला आणि म्हणाली, चांगलं लिहिलंय. जयमाला माझ्या शेजारीच उभी होती. तिने ऐकलं.