ठमीच्या पाठीमागच्या गोण्या

शहापूर, ४ फेब्रुवारी १९३८

ती. राघोदादास,
धाकट्या कोंडूचा सा. न. वि. वि.

तू मुरबाडच्या सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर झालास, आईने आळीभर गूळ वाटला. आपल्या ठमीला सातवा लागलाय. सोमवारी, १४ तारखेला, तिचा दीर टोकावड्याहून तिला मुरबाडला आणून सोडील. पुढे तुझ्याच मोटारीतून माहेरी आण.

आता थोडी मास्तरकी ऐक. काल पोरांना संवेग शिकवला. धावत्या वस्तूचं वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. ब्रेक चाकांना लागतो, आतल्या मालाला नाही. तो आपला पुढे धावतच राहतो. आहे की नाही गंमत?

लोभ आहेच, तो वाढता ठेव.
तुझा कोंडू

मुरबाड, १० फेब्रुवारी

चि. कोंडूस राघोचे अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं तेव्हा निम्मं कळलं. तुझा संवेग शाळेतच ठेव, मास्तर. माझे ब्रेक कडक आहेत.

किन्हवलीकडचा रस्ता नुसता खड्ड्यांचा. ठमीला धक्का लागू नये म्हणून तिला पुढे माझ्याशेजारी बसवीन आणि पाठीला टेकायला तांदळाच्या चार गोण्या उभ्या रचीन. आईला म्हणावं, लेक पाळण्यातून आल्यासारखी येईल.

घरी सगळ्यांना माझी आठवण सांग.
राघो

शहापूर, २० मार्च

ती. राघोदादास सा. न.

तुझं पत्र शनिवारी पोचलं होतं. गोण्यांचं वाचून मी हसलो, आईलाही वाचून दाखवलं. मधे अख्खा रविवार होता. सायकल काढून मुरबाडला आलो असतो, तर गोण्या बांधून घेता आल्या असत्या. मी तुला गुणाकार लिहिला, पण गोण्या बांध एवढं साधं लिहिलं नाही. शिकलेला मी होतो, दादा. चूक माझी आहे.

आडवी आलेली म्हैस तू वाचवलीस, मोटार जागच्या जागी उभी केलीस. गोण्या मात्र थांबल्या नाहीत. मूल गेलं, पण ठमी वाचली. आता भिंतीला धरून चालते.

तू मोटार सोडलीस असं कळलं. पाच आठवडे झाले, घरी फिरकला नाहीस. ठमी मुलाचं नावही काढत नाही. रोज एकच विचारते, दादा का नाय येत. काल आईच्या कुशीत रडली. तिला वाटतं, आपण नीट धरून बसलो नाय म्हणून दादा आपल्यावर रागावलाय.

तेवढं तरी खोटं आहे हे सांगायला ये.

आहे तो लोभ तोडू नकोस.
कोंडू