आठवड्याचं घे

१४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. मी इकडे ठीक. तू, भाऊजी, पिल्ली कसे आहात? माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, सातवीतून पळालेल्याचं दुसरं काय असणार! पण तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला.

काम तेच. ऑक्सिजनचं मशीन भाड्याने द्यायचं. जिने चढून न्यायचं, नळी जोडायची, फॉर्म भरायचा. आता कंपनीने सोय केली आहे, भाडं आठवड्याने द्या, पंधरवड्याने द्या, महिन्याने द्या, वाटलं तर मध्येच बदला. परवा एका आजोबांनी आठवड्याचं महिन्यावर नेलं. मला म्हणाले, "बढती झाली रे माझी!"

आमच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आधी महिना विचारायचा. आठवडा घरच्यांच्या तोंडून येऊ दे, तुझ्या नाही. आणि बोलणं दाराबाहेर. माणूस आजारी असतो, बहिरा नसतो."

हे मला पाठ होतं, ताई.

तुझा फोन आला तेव्हा मी एका बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर, मशीन खांद्यावर. तू म्हणालीस, "डॉक्टरांनी आईला घरी मशीन लावायला सांगितलंय. किती दिवसांचं घेऊ? तुझं रोजचं काम, तुलाच कळणार." मी बोलून गेलो, "आठवड्याचं घे. लागलं तर वाढवता येतं."

फोन स्पीकरवर होता, मला काय माहीत. मागून आईचा आवाज आला, "बरं बाबा. आठवड्यात आवरते."

ती हसली. मीही हसलो. "आई, तसं नाही गं," म्हणेपर्यंत समोरचं दार उघडलं आणि मी फोन ठेवला.

ती सहाव्या दिवशी गेली.

मी घरी पोचलो तेव्हा तिकडचा मशीनवाला मशीन न्यायला आला होता. मीच सवयीने नळी गुंडाळली, मशीन पुसलं, त्याच्या हातात दिलं. तू बघत होतीस. म्हणालीस, "आठवडासुद्धा पुरा नाही केला तिने." मी दुसऱ्याच दिवशी पळालो.

तुला सांगितलं होतं, सोयीचं म्हणून बोललो. खोटं होतं ते. असे फोन मी रोज ऐकतो. तुझ्या आवाजावरूनच मला कळलं होतं. आणि कळलं होतं तर तेव्हाच गाडीत बसायला हवं होतं. मी बसलो नाही. पुढच्या घरी मशीन पोचवायला गेलो. भीती वाटली, ताई. दुसरं काही नाही.

काल एका मावशींनी पलंगावरून विचारलं, "किती दिवसांचं घेऊ रे?" म्हटलं, "वर्षाचं घ्या." फॉर्मवर वर्षाचा चौकोनच नाही. त्यांच्या मुलीने भिंतीकडे तोंड फिरवलं. साहेब ओरडले. ओरडू देत.

सोमवारी निघतोय. परतीचं तिकीट काढलेलं नाही. दार उघडलंस तर वाट्टेल ते बोल, फक्त किती दिवसांसाठी आलास, तेवढं विचारू नकोस.

पिल्लीला पापा.

आई ज्याला भिंगऱ्या म्हणायची,
तो तुझा भाऊ