तुमच्या वतीने नाकारलेली शाल

बाई, नोकरी गेलेली माणसं म्हणून आता आपण दोघं एका रांगेत आलो. तुमची शाळा बंद करून तुम्हाला घरी बसवलं, तेव्हा निदान शाल-श्रीफळ तरी देऊ केलं होतं. मला प्राचार्यांनी खोलीत बोलावलं, चहा मागवला आणि चहा येण्याआधीच सांगून टाकलं की पुढच्या सत्रापासून भाषेचा विभाग राहणार नाही, आम्हा पाचही जणांची गरज उरलेली नाही. एकोणीस वर्षं मी त्या कॉलेजात इंजिनियर होऊ घातलेल्या मुलांना चार माणसांसमोर उभं राहून बोलायला शिकवलं. चहा आला तेव्हा मी स्वतःच उभा होतो आणि बोलत होतो. शिक्षणाचा बाजार, माणसाची किंमत, येणाऱ्या पिढीचा शाप, काही सोडलं नाही. प्राचार्य ऐकत राहिले, चहावर साय धरली. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती आधी खुर्चीत बसली आणि मग म्हणाली, "अहो, तिथंही भाषण दिलंत का?" मी हो म्हणालो. "मग झालं. आता जेवून घ्या."

त्याला तीन आठवडे झाले. या तीन आठवड्यांत एक दिवस असा गेला नाही की तुमची आठवण आली नाही, आणि प्रत्येक वेळी मान खाली गेली. तुम्ही गेलात त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हा मी त्या शालीबद्दल माफीचा एक शब्द काढला नाही. सभेत तासभर बोलू शकणाऱ्या माणसाला तुमच्या ओट्यावर बसून दोन वाक्यं बोलता आली नाहीत.

राजवाड्यामागच्या गल्लीतली आपली मराठी शाळा. शेवटच्या वर्षी तुमच्या वर्गात सात मुलं उरली होती, बाकीची इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बसमध्ये चढली. निरोपाचा कार्यक्रम वरच्या सभागृहात आहे. मी सव्वीस वर्षांचा आहे, वक्तृत्वाची बक्षिसं घेऊन घेऊन माझी मान ताठ झालेली आहे, आणि ते बोलणं तुम्हीच मला शिकवलेलं आहे. श्वास कुठे घ्यायचा, हात कधी उचलायचा, शेवटच्या रांगेतल्या माणसाकडे कसं पाहायचं. संस्थेचे अध्यक्ष शाल उलगडून उभे आहेत. "बाईंनी शाळेसाठी जे केलं ते काही भुलता येणार नाही," ते आपल्या इंदुरी मराठीत म्हणतात. तुम्ही पुढे येता. तुमच्या हातात घडी घातलेला एक कागद आहे. तो मी पाहिला होता, बाई. पाहिला आणि तरीही तिसऱ्या रांगेतून उठलो.

माईक मी कारकुनाच्या हातातून घेतला. "ही शाल नाही, हे कफन आहे," मी म्हणालो. "ज्यांनी शाळेचा गळा दाबला त्यांच्या हातून आमच्या बाई सत्कार घेणार नाहीत!" अध्यक्षांच्या हातातली शाल घेतली आणि टेबलावर नारळाशेजारी नेऊन ठेवली. माजी विद्यार्थी उभे राहिले. टाळ्या इतका वेळ चालल्या की अध्यक्ष दारापर्यंत पोहोचले, चपला घातल्या, जिना उतरले, त्यांच्यामागून इतर विश्वस्तही उतरले, आणि टाळ्या तरी चालूच. तुम्ही मधोमध उभ्या होतात. कागदाची घडी तुम्ही उघडलीच नाही.

संध्याकाळी सुदामा नगरला तुमच्या घरी आलो तो शाबासकी घ्यायला. तुम्ही स्वयंपाकघरात कणीक मळत होतात.

"आवाज छान लागला तुझा," तुम्ही म्हणालात. "श्वासही बरोबर घेतलास."

"त्यांची तोंडं पाहिलीत का, बाई?"

"पाहिली ना. मला त्यांच्याकडे एक मागायचं होतं रे. खालची कोपऱ्यातली खोली, संध्याकाळी दोन तास. शाळा जाते तर जाऊ दे, शिकवणं कशाला जाऊ द्यायचं? आधी आभार मानणार होते, मग मागणार होते. चार दिवस बोलून बोलून पाहत होते."

तिथे तरी मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, "ज्यांनी काढलं त्यांचेच आभार? ही तर भीक झाली, बाई."

तुमचे हात थांबले. मी शाळेत असल्यापासून तुम्हाला चिडलेलं पाहिलं नव्हतं. "तीस वर्षं त्या इमारतीत मला मुलं मिळाली. तूही तिथेच मिळालास. त्याचे आभार मला मानायचे होते, आणि ते कोणासमोर मानायचे हे मी ठरवणार होते. तुला कोणी विचारलं होतं का? तू मला विचारलंस का?" मग परातीत पाण्याचा हात मारून म्हणालात, "चल, हात धो. पहले खाना, क्रांति बाद में." तुमच्या तोंडी हिंदी यायची ती विषय संपवायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही एकट्या अध्यक्षांच्या घरी गेलात. त्यांनी दारातच ऐकवलं, "आपके चेले ने बोल तो दिया सब. अब क्या रह गया?" कोपऱ्यातली खोली महिन्याभरात कापडाच्या एका व्यापाऱ्याचं गोदाम झाली.

पुढे तुम्ही तुमच्याच पडवीत वर्ग सुरू केलात. यजमानांची स्कूटर गल्लीत उभी करून तिथे सतरंजी घातली. मुलं थोडी, आणि मराठी घरात सून म्हणून आलेल्या हिंदी मुलीच जास्त. "बाईजी, सासूमाँ को 'तू' बोला तो दो दिन बात नहीं की," असं एक जण सांगायची आणि सगळ्या पडवीभर हसायच्या, तुमच्यासकट. पावसाची झड आत यायची तेव्हा वर्ग स्वयंपाकघरात हलायचा. दर संक्रांतीला तुम्ही अध्यक्षांकडे तिळगूळ घेऊन जायचात. मी तुमच्या तोंडावर त्याला लाचारी म्हणालो होतो. जगभरच्या लढ्यांचे इतिहास वाचले होते ना मी! कृतज्ञ माणूस लढत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. तुम्ही मरेपर्यंत शिकवत राहिलात हे डोळ्यांसमोर घडत होतं, आणि तुमच्यातलं हे बळ कुठून येतं याचा विचार मी एकदाही केला नाही.

आज माझ्यावर वेळ आली तेव्हा कळतं की असे आभार मानणं किती अवघड आहे. कॉलेजच्या कँटीनवाल्याने माझं पुस्तकांचं खोकं स्वतःच्या गाडीवर बांधून घरी आणून दिलं. एकोणीस वर्षं तो माझा बिनसाखरेचा चहा न सांगता वेगळा काढायचा. मी दारात खोकं घेतलं आणि आत वळलो. बायकोने त्याला जिन्यातून हाक मारून परत बोलावलं, पाणी दिलं, बसवलं. मी आतल्या खोलीत उद्याचं पत्रक लिहीत बसलो होतो.

ते पत्रक हेच या पत्राचं कारण. उद्या सकाळी आम्ही पाच जणांनी तुकोगंजात जमायचं ठरलं होतं, तिथून कॉलेजवर जाणार, फाटकाशी मी ते वाचून दाखवणार. आमच्यावर अन्याय झाला आहे, बाई, आणि तो मी मोठ्याने सांगणार आहे. त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण काल आमच्यातल्या सगळ्यात तरुण बाईंचा फोन आला. "सर, मी नाही येणार उद्या. मतलब, माझं नाव पण नका घेऊ प्लीज. एका शाळेत बोलावलंय मला, त्यांना अनुभवाचं पत्र पाहिजे. आणि सर, प्राचार्यांना एकदा थँक्यू पण म्हणायचंय. माझी मुलगी झाली तेव्हा त्यांनी माझे सकाळचे सगळे तास काढून टाकले होते."

"ज्यांनी हाकललं त्यांना थँक्यू?" मी म्हणालो. "कणा आहे की नाही तुम्हाला? तुम्ही राहू द्या, तुमच्या वतीने मी बोलतो."

ती "जी सर," म्हणाली आणि फोन बंद झाला.

चोवीस वर्षांनी तेच, बाई. तीच चूक, तोच आवाज, श्वासही बरोबर घेतलेला. तिचं अनुभवाचं पत्र प्राचार्यांच्या सहीवर अडलं आहे, आणि उद्या फाटकाशी तिचं नाव माझ्या तोंडून गरजलं तर ती सही होणार नाही. तिला पुढचं काम मिळायचं आहे. ती आशेवर आहे, आणि ज्याने तिला वाईट दिवसांत सांभाळून घेतलं त्याला ती विसरलेली नाही. पन्नाशीच्या मला जे जमत नाही ते तिला जमलं आहे, तर मी तिला कण्याबद्दल विचारतो.

फोन करून तिची माफी मागायला हवी. त्याऐवजी मी दुपारपासून तुम्हाला लिहीत बसलो आहे. हे पत्र कुठेही जाणार नाही आणि तुम्ही उलट काही विचारणार नाही, म्हणून हे सोपं आहे. आणि खरी गोष्ट अजून लिहिलेलीच नाही. पत्रकात तिच्याबद्दल तीन वाक्यं आहेत. तान्ही मुलगी कडेवर घेऊन शिकवायला येणारी आई, तिला दाखवलेलं दार, असं सगळं. तिने असं काही मला सांगितलेलं नाही, ते मीच रचलं. पूर्ण पत्रकात तेवढीच वाक्यं अशी आहेत की ती ऐकून लोक टाळ्या वाजवतील. सकाळपासून तीनदा पेन हातात घेतलं आणि तीनदा खाली ठेवलं. तुम्ही माझ्या वह्यांतली किती वाक्यं निर्दयपणे कापायचात. एवढी तीन खोडायला लावा, बाई.