फाट्यावरचा फ्लेक्स

५ जानेवारी, रविवार
किरणची पीएचडी झाली! धुळ्याहून फोन आला. मी रडले, ती हसली. एवढी वर्षं पोरीने एचआयव्हीचाच अभ्यास केला. आधी पुण्याला, मग धुळ्याला — रोग्यांची रक्तं, रोग्यांच्या मुलाखती. मी तेव्हाच म्हटलं होतं, दातांचं शीक, डोळ्यांचं शीक. नाही! आता पुढचा अभ्यास म्हणे, बायका गोळ्या मधेच का सोडतात. विसरत असतील! यात काय शोधायचं? पण बायका बोलतच नाहीत तिच्याशी. रोगाचं नाव काढलं की पदर सावरून उठतात. अशाच गप्प राहिल्या तर अभ्यास बंद पडेल म्हणते.
हे गावच्या फाट्यावर अभिनंदनाचा फ्लेक्स लावणार आहेत. जळगावच्या दुकानात फोनवर मजकूर सांगितला — एचआयव्हीवर पीएचडी झाली, असा. ओरडून ओरडून.

८ जानेवारी, बुधवार
फ्लेक्स लागला. फाट्यावर, खांबाला, उंच. फोटो झकास! आधी तोच बघत बसले. मग मजकूर वाचला.
"कु. किरण हिला एचआयव्ही झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!"
पीएचडी कुठेच नाही. खाली शुभेच्छुक म्हणून सगळ्या भाऊबंदांची नावं.
खांबाला धरून उभी राहिले.

९ जानेवारी
ह्यांना म्हटलं, काढा तो आधी. म्हणे, "आता काढला तं लोक म्हनतीन, लपोवतात." डोकं आहे का खोकं! मगन वायरमनकडे शिडी आहे, तर तो बोदवडला सासरी जाऊन बसलाय.
शेजारची कोकिळा आली. "काय व, पोरीले झालं म्हने? आन वरून बोर्ड लावला?" मी ओरडले — तिला काही नाही, पीएचडी झालीय, पीएचडी! तर म्हणते, "बाई! हा कोनता नवीन रोग?"
फ्लेक्सचा फोटो मोबाइलवरून दोंडाईच्यापर्यंत गेला. बेबाबाईचा फोन, ह्यांची बहीण. "माहेरचं नाव घालवलं! तुमच्या घरचं पाणी पिणार नाही." आपटला फोन.

१२ जानेवारी, रविवार
किरण आली. फ्लेक्स पाहून पोट धरून हसली. हसण्यासारखं काय आहे?
तिच्या बोटाला पट्टी. सुई टोचली का ग? "विळीवर कापलं, आई." विळी! रोज त्या रोग्यांचं रक्त हाताळते आणि बोट कापलं ते नेमकं विळीवर?

१५ जानेवारी
गल्लीत हळदीकुंकू. मला बोलावणं नाही.

१९ जानेवारी, रविवार
आज स्पष्टच विचारलं. किरण म्हणाली, "तपासलंय ग माझं रक्त. काही नाही. आणि असतं तरी गोळ्या घेऊन जगले असते." असतं तरी? असं कोण बोलतं! खरं सांगते की मला जपते? जेवताना तिच्याकडेच बघत होते. गाल बसलेत का? ती चिडली. "आई, तू पण?" ताट तसंच ठेवून धुळ्याला गेली.
तिच्याच ताटातलं उरलेलं जेवले मग. घास फिरत होता तोंडात. गिळला.

२३ जानेवारी, गुरुवार
दुपारी मागच्या दाराने बेबाबाई! तोंड बांधलेलं. दोंडाईच्याहून एकटी आली. मला वाटलं, भांडायला आली. मीही पदर खोचला.
ती चुलीपाशी बसली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "वहिनी, किरण कोनती गोळी खाते?"
मी नेहमीसारखं तोंड उघडलं — माझ्या पोरीला काही —
"मालेबी तेच शे," ती म्हणाली.
तो रोग तिलाही. नवरा देऊन गेला. सरकारी गोळ्या ज्वारीच्या कोठीत लपवून खायची. घरात सून आली, कोठी तिच्या हातात गेली. लपवायला जागा राहिली नाही. सोडून दिल्या. आता ताप उतरत नाही. हात बघवत नाहीत, काड्या झाल्यात. "फोटू पाह्यला, तवय धीर आला. किरणलेच सांगसू. तिले झायेल शे, ती कोनले सांगनार नही."
इतके दिवस गावभर ओरडत होते. आज म्हटलं, असू दे तिचा समज. किरण काय ते सांगेल तिला. मी पाणी दिलं. प्यायली घटाघटा. फोन लावला — किरण, आत्ताच्या आत्ता निघ!

२४ जानेवारी
मगन बोदवडहून आला. शिडी घेऊन फाट्यावर गेलो. वाऱ्याने फ्लेक्सची एक दोरी सुटून लोंबत होती.
"अक्का, काढू ना?"
म्हटलं — बांध.