शिवणीतला बिब्बा

गुरुवार, दिवेलागण

वही, आज लिहायला उशीर झाला, माफी असावी. खामगावच्या बाजारात एका बाईकडून नातीसाठी तिच्या पोरीचा जुना फ्रॉक घेतला. नव्यापेक्षा पुष्कळ स्वस्त. पण पोरीला नजर लागू नये म्हणून शिवणीत घातलेला बिब्बा तसाच होता. विकताना आई तो काढून घेते ना? हिनं का ठेवला? हिची पोरगी हयात आहे ना?

भीत भीत विचारलं, तर बाई कडाडली, "मेली नाही बाबा, वाढली माही पोरगी! बिब्बा तुमच्या नातीले राहू देला."

पटलं. फ्रॉक लेकीसोबत साखरखेर्ड्याला गेला. पण मग बाईनं डोळे का पुसले? धूळ असेल. आणि तो बिब्बा...

लेकीचा फोन लागत नाही. लेकी, फ्रॉक घालू नको तिला. घातलाच असेल तर पोर हसते-खेळते ना, एवढं लवकर कळव.