पुढच्या चाकावरचं वजन

मारेगाव,
दि. ११ नोव्हेंबर २०२५

ती. बाबांस दीपमालाचा सविनय जयभीम, वि. वि.

फोन हातात असताना पोट्टी पत्र कायले लिहिते, असं म्हणून तुम्ही आधी हसाल. हसा. पण बाबा, तुम्ही स्पीकर लावल्याशिवाय फोनवर बोलत नाही, आणि आपल्या दोन खोल्यांत आईला सगळं ऐकू जातं. परवा मी एवढंच म्हटलं की फोटोत जीप मागून बसलेली दिसते, तर तिकडून आईचा आवाज आला की मंग राहू द्या, नाही जात मी. चार वर्षांनी ती घराबाहेर पडायला तयार झाली. तिच्यासमोर मला वाद घालायचा नाही. म्हणून लेखी भांडते.

आधी शाबासकी. पोटाच्या ऑपरेशननंतर आईला पोटावर संडासची पिशवी लावावी लागली, तेव्हापासून ती कोणाकडे पाणी प्यायलाही गेली नाही. माझं घर तिनं अजून पाहिलं नाही. तिच्यासाठी तुम्ही वेल्डिंगवाल्या भीमसिंगकाकांकडून जीपमागं ओढायचा ट्रेलर, म्हणजे चाकावरची खोलीच बांधून घेतली, तिच्यात पलंग, संडास, हात धुवायला बेसिन. असा नवरा आपल्या तालुक्यात दुसरा दाखवा म्हणावं.

आता भांडण. ट्रेलरची दांडी जीपच्या हुकावर जिथे टेकते, तिथे सगळा भार जीपच्या मागच्या टोकावर येतो. मागचं टोक दबलं की पुढचं उचललं जातं, आणि स्टिअरिंग अन् निम्म्याहून जास्त ब्रेक तर पुढच्याच चाकांवर असतात. यासाठी वजन वाटणारा हुक मिळतो. त्याला स्प्रिंगचे दोन बार असतात, ते साखळीनं ट्रेलरच्या सांगाड्याला ताणून बांधतात. मग दांडीचा भार थोडा पुढच्या चाकांवर जातो, थोडा ट्रेलरच्या चाकांवर. तुमच्या जावयानं, रवीनं, पुण्याच्या एका कारखान्यात विचारलं. ऑर्डर दिल्यापासून तीन हप्ते लागतात म्हणाले.

रागावलात तरी उत्तर धाडा, आणि माया आहे तितकीच ठेवा.

आपली,
दीपमाला

फुलसावंगी,
दि. १७ नोव्हेंबर २०२५

चि. दीपमाला हिले बाबाचा जयभीम आन् पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पावलं. वाचलं. पुन्हा वाचलं. मंग पान खाऊन आलो आन् तिसऱ्यांदा वाचलं, तरी राग गेला नाही.

बाई, तुह्या बापानं एकतीस वर्षं एसटी हाकली. शिटा भरून, उभे भरून, दारात लोंबकळणारे वेगळे. माह्या हातानं कधी कोंबडीसुद्धा मेली नाही. खोटं कायले बोलू, एक मेली, पुसद रोडवर, पण थे तिची चुकी होती. आन् तू मले पुढचं चाक शिकोतं?

वजन कुठं ठेवावं हे मले माह्या बापानं बैलगाडीवर शिकोलं. गाडी उलाळ होऊ द्यायची नाही. मागं जास्त भरलं का जू वर उचलते आन् बैलाच्या गळ्याले फास बसते. म्हणून म्या पाण्याची टाकी, बॅटरी, गॅसची टाकी, सारं ट्रेलरच्या पुढच्या अंगाले बसवलं. मागं फक्त तुह्या मायचा पलंग.

जीप मागून बसली होती, हे खरं. त्याचा इलाज झाला. भीमसिंगनं जीपच्या मागच्या चाकावरच्या कमानीत, स्प्रिंगमंधी, एक लोखंडी पाटा वाढवला. इकडं कापसाच्या पिकअपवाले सारेच वाढवतेत. आता लेव्हल पाहाची पाण्याची नळी धरून पाह्यली, जीप बोटभरही वाकडी नाही. तुह्या त्या बारवाल्या हुकाची गरज उरली नाही.

सहा डिसेंबरचं अभिवादन विहारात झालं का आठ तारखेले निघतो. महागाव, आर्णी, यवतमाळ करत सांजेच्या आत मारेगावले. अंगणातली तुरीची पेंडी हलवून ठेवजो, ट्रेलरले जागा लागंल. जावईबापूले जयभीम सांगजो आन् बापावर रुसू नको.

तुहा,
बाबा

मारेगाव,
दि. २२ नोव्हेंबर २०२५

ती. बाबांस सविनय जयभीम, वि. वि.

रुसले नाही. रुसायला वेळ नाही, जिनिंगवर कापसाच्या गाड्यांची रांग पार रोडपर्यंत लागली आहे आणि दिवसभर वजनकाट्यावर मीच असते. पण मी ऐकणार नाही, हे आधीच सांगते. शेवटी पोरगी तुमचीच.

पाटा वाढवून जीप सरळ दिसायला लागली, एवढंच झालं. मागचं टोक वर आलं, पण पुढच्या चाकांवरून गेलेलं वजन परत आलं नाही. उलट आधी जीप वाकडी दिसत होती तेव्हा डोळ्याला कळत तरी होतं. आता तेही कळणार नाही. रोज इथे लोक सांगतात की गाडी पाहूनच वजन सांगतो, आणि रोज त्यांचं तोंड उतरतं.

बैलगाडीचं मला पटलं. उलाळ ट्रेलर दुप्पट वाईट, मागून शेपूट हलवत जीपला फरपटवतो. पण आजोबांनी जूवर सगळंच वजन टाकायलाही सांगितलं नसेल. बैलाची मान काय दगडाची असते?

तेव्हा वाद नको, वजन करा. महागावच्या काट्यावर जा. प्रवासाचं सगळं सामान भरा, टाकीत पाणी भरा, तुम्ही दोघं जीपमध्ये बसा. आधी ट्रेलर सोडून नुसती पुढची चाकं काट्यावर घ्या. मग नुसती मागची. मग ट्रेलर जोडा आणि पुन्हा तसंच करा. चार पावत्या मला पाठवा. आईला सांगा, आरटीओच्या कागदासाठी लागतं.

पुढच्या चाकांचं वजन जवळपास तितकंच निघालं, तर मी तुमची माफी मागते आणि आठ तारखेला अंगणात रांगोळी काढते. पण बरंच कमी निघालं आणि तरी तुम्ही निघालात, तर मी आईला फोन करून स्वतः सांगेन की बसू नको. मग तिनं पुन्हा कधीच बाहेर पाय काढला नाही, तर ते पाप माझ्या माथी. लिहिलं ते खोडत नाही.

लोभ राहू द्या, रागासकट चालेल.

आपली,
दीपमाला

फुलसावंगी,
दि. २८ नोव्हेंबर २०२५

चि. दीपमाला हिले आशीर्वाद, जयभीम.

धमकी देतं बापाले. घे तुह्या पावत्या.

ट्रेलर सोडून पुढची चाकं सातशे ऐंशी किलो, मागची नऊशे. ट्रेलर जोडून पुढची सहाशे सत्तर, मागची बाराशे सत्तर. काट्यावरच्या माणसाले म्या दोनदा वजन कराले लावलं. तो म्हणे काका, काटा बरोबर हाय, तुमचं बिनसलं काय? म्या पावत्या खिशात घातल्या. पुढून एकशे दहा किलो गायब आन् जीप दिसाले सुतासारखी सरळ. माह्या नळीनं मले फसवलं.

पाण्याची टाकी दोन दिवसांत काढली आन् ट्रेलरच्या चाकांच्या बराबर वर बसवली. पुन्हा काट्यावर गेलो. आता पुढची चाकं सातशे दहा. म्हणजे अजून सत्तरचा खड्डा हाय. तेवढं चालून जाते असं माह्यं म्हणणं. काल तुह्या मायले घेऊन आर्णीच्या बाजूले ट्रायलही मारली. मस्त झाली.

आता खरं सांगतो, म्हणून हे पत्र भीमसिंगच्या दुकानात बसून लिहून राह्यलो. हुकाले माह्या मनातून ना नाही. तीन हप्त्याले ना हाय. चार वर्षं म्या तुह्या मायले विचारतो, चाल ना पोरीकडं. ती एकच म्हणे, लोकाच्या घरी वास सुटला तं म्या तोंड कुठं लपवू. ट्रेलर बांधला तरी दोन महिने जायाले हाव म्हणे ना. दिवाळीच्या पाडव्याले आत बसली, बेसिनचा नळ सोडून पाह्यला आन् म्हणे, बरं, जाऊ. दीपा, ती एकदा हो म्हणाली हाय. तीन हप्त्यानं म्हणंलच याची काही गॅरंटी नाही. तिचं मन फिरलं तं म्या त्या हुकाले काय करू, गळ्यात बांधू?

म्हणून आठ तारीख पक्की. चाळीसच्या वर हाकत नाही, हा माहा शब्द.

विसरू नको तुह्या बापाले,
बाबा

फुलसावंगी,
दि. २ डिसेंबर २०२५

माह्या लाडाच्या दीपाले मायचा जयभीम, गालाचा मुका आन् कानाले पीळ.

तुम्ही बापलेक मोठे हुशार. पोस्टमन दुपारी येते, तवा तुहा बाप भीमसिंगच्या दुकानात असते. पत्र कोणाच्या हाती पडते? तुही दोन्ही पत्रं म्या वाफेवर उघडली, वाचली, खळीनं चिकटवली. बापानं लिहिलेली त्याच्या पिशवीतच रायतात, पोस्टात पडाच्या आधी थेही वाचली. चवथ्या वर्गापर्यंत शिकली म्हणून काय झालं, वाचता येते मले.

वाचून आधी रडली. मंग राग आला. मले वाटे का ट्रेलर हा त्याचा शौक हाय. रिटायर माणसाले काहीतरी पायजे. त्यानं भीमसिंगच्या दुकानात बसून तुले जे लिहिलं, थे मले एकदाही तोंडानं सांगतलं नाही. बायकोसंग बोलाले माणसाले काय लाज व?

आता ट्रायलीचं ऐक. त्यानं तुले मस्त झाली लिहिलं. खोटं हाय. म्या लग्नानंतर त्याच्या एसटीत ड्रायव्हरच्या मागच्या शिटावर किती खेपा बसली. हा माणूस गाडी हाकतानी गप्प बसत नाही. कोणाचं वावर, कोणाची पऱ्हाटी, कोणाची पोरगी कुठं देली, सारं सांगते. त्या दिवशी उतारावर एक ट्रक बाजूनं जोरात गेला आन् मागचा ट्रेलर डुलला. एकदा इकडं, एकदा तिकडं. जीपचं तोंड त्याच्या हातात राह्यलं नाही. त्यानं दोन्ही हातानं स्टिअरिंग असं आवळलं का नखं पांढरी पडली. मंग सावरली. पण तिथून घरापर्यंत एक शब्द बोलला नाही. चाळीसनंच चालला होता. म्या म्हटलं, माणूस भेला. भेला थे माह्यापायी भेला.

म्हणून काल म्या त्याच्यापुढं त्याच्या पाकिटातून काढून ठेवलेल्या चारही पावत्या ठेवल्या. त्याचं तोंड पाहाले तू पायजे होती. म्या सांगतलं का हुक आजच्या आज मागवा. तीन हप्ते लागू द्या नाही तं तीन महिने. चार वर्षं बसली, तीन हप्त्यात काय मरतो म्या? आन् मन फिरण्याचं म्हणशान, तं या तुमच्या पंचफुलाचं मन काही एसटीचा बोर्ड नाही का कोणीही फिरवून द्यावा. येतो म्हटलं म्हणजे येतो. पण ज्या गाडीत तुमची बोलती बंद होते, त्या गाडीत म्या बसत नाही.

तो उठला, बाहेर गेला, आन् लय वेळ हातपंपावर तोंडच धूत होता. मंग हुक मागवाले जावईबापूले फोन लावला. स्पीकरवर.

तू रांगोळी काढू नको, कापसाच्या दिवसात दमत असशीन. फक्त माह्यासाठी वाट पाहाजो.

तुही,
आई

फुलसावंगी,
दि. २७ डिसेंबर २०२५

चि. दीपमाला हिले आशीर्वाद.

हुक आला. भीमसिंगनं आन् म्या दिवसभर लागून बसवला. कमानीतला जास्तीचा पाटा काढून टाकला, त्याच्या जागी आता काम बार करतात. महागावच्या काट्यावर पुढची चाकं सातशे साठ. तो काट्यावाला आता मले दुरूनच रामराम करते.

त्याच उतारावरून गेलो. तसाच ट्रक आला, त्याहून मोठा. ट्रेलर जरासा हलला आन् जागच्या जागी बसला. तुही माय म्हणे का आता बोला काहीतरी. म्या बोललो. पार फुलसावंगी येईस्तोवर बोललो, शेवटी तीच म्हणे का आता पुरे.

माहं चुकलं हे लिहून देतो, वाटल्यास फ्रेम कर. तीन तारखेले निघतो.

तुह्यावर जीव असलेला,
बाबा

फुलसावंगी,
दि. १४ जानेवारी २०२६

माह्या दीपाले मायचा जयभीम आन् लय लय मुके.

सुखरूप पोचलो. तुहं घर पाह्यलं, माहा जीव थंड झाला. ओटा थोडा उंच हाय, पण तू मायपेक्षा उंच हायस, मंग चालते.

एक गोष्ट तिथं बोलता आली नाही, ती लिहितो. पहिले तीन दिवस म्या ट्रेलरातच गेली, तिथंच पिशवी बदलवली, तिथंच झोपली. तू काही म्हटलं नाही, तुले शाबास हाय. चवथ्या दिवशी जेवतानी पिशवी सुटली. पहिले वाटलं, धरणी पोटात घेईल तं बरं. ट्रेलरपर्यंत जाणं होईना. तू माहा हात धरून तुह्या न्हाणीत नेलं, पाणी ऊन केलं, खाली बसली आन् मले विचारलं का माय, कसं लावतात थे शिकव. चार वर्षं ज्याच्यासाठी म्या दारं लावून घेतली, थे तुह्यासमोर झालं आन् काहीच झालं नाही. जावईबापू बाहेरून इचारत होते का भाकर गरम करू काय. त्या दिवसापासून म्या तुह्या घरात झोपली.

काल सकाळी तुह्या बाबानं ट्रेलर धुतला, बार पुसले, साखळ्याले ग्रीस लावलं आन् मले इचारलं का आता उमरखेडले तुह्या मावशीकडं जाऊ ना, जोडू काय? म्या म्हटलं, राहू द्या, घंट्याभराचं तं गाव हाय. एसटीनं जाऊ. खिडकीजवळची शीट धरून द्या मले.

माया पातळ होऊ देऊ नको, पुढल्या महिन्यात पुन्हा येतो.

तुही,
आई